कधी नव्हे, कडी

आमच्या खान्देशात घर बांधतात ते दोघांसाठी. एक पाहुणे आणि दुसरे मुलीकडचे. घरात रोज राहणारी माणसं तिसऱ्या नंबरावर, तीही जागा उरलीच तर. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात घरांचे नकाशे काढण्यात आणि ती घरं आतून लावून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यातून निघालेला हा सिद्धांत आहे. तो पुस्तकात सापडणार नाही. पुस्तकं लिहिणारे मे महिन्यात जळगावात राहत नाहीत.

संपादकांनी माझ्याकडे ‘घर सुखाचं करण्याच्या युक्त्या’ मागितल्या होत्या. युक्त्या माझ्याजवळ नाहीत, गिऱ्हाइकं आहेत. त्यांतल्या एका घराची गोष्ट सांगते. युक्ती निघाली तर ती वाचणाऱ्याची.

आधी माझ्याबद्दल. वडील भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन. दोन खोल्यांचं क्वार्टर आणि आम्ही सहा जण. पुढच्या खोलीला नावच नव्हतं. रात्रपाळी करून आलेले वडील सकाळी तिथं झोपत, दुपारी आईचं शिलाई मशीन चाले, संध्याकाळी आमचा अभ्यास, मग अंथरुणं. आता याला ‘मल्टिपर्पज स्पेस’ म्हणतात आणि तीच खोली मी लोकांना नव्या नावानं काढून देते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. ई. सिव्हिल. पदवी आणली तेव्हा आईनं ती डाग पडू नये म्हणून ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. मी ऑफिस थाटलं त्या दिवशी ती काढून भिंतीवर लावली, आत येणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर. तरी आत येणारा विचारतोच, “साहेब कुठे गेले?”

“घरी आहेत. भाजी निवडताहेत,” मी सांगते. रविवारी ते खरंही असतं.

दुसरी गंमत देवघराची. “देवघर ईशान्येला घ्या, सकाळचं कोवळं ऊन येईल,” असं मी म्हटलं की माणूस मान डोलावतो. मग त्याला दारावरच्या पाटीवरचं माझं आडनाव आठवतं आणि तो म्हणतो, “तसं आम्ही महाराजांनापण विचारून घेऊ.” घ्या की. महाराज दिशा सांगतात. त्या दिशेची भिंत गळायला लागली की फोन मात्र मला येतो. पदवी तेव्हा चालते, आडनावासकट.

आता धंदा काय आहे ते. इथलं घर लावायचं म्हणजे ऊन लावायचं, बाकीचं आपोआप लागतं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि माणसं अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा सगळा ताप आत सोडते. आमच्या जुन्या माणसांनी यावर एकच उपाय काढला होता, तो म्हणजे खाट. सकाळी ओट्यावर, दुपारी मधल्या खोलीत, उन्हं कलली की अंगणात, रात्री धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर. घर जागच्या जागी आणि माणूस सावलीमागे. आता आम्ही सुधारलो. आता बॉक्सचा पलंग असतो. तो खोलीतच जन्मतो आणि दारातून कधी बाहेर पडू शकत नाही. विहिरीत पडलेल्या कासवासारखा तो तिथंच वाढतो, आणि त्यावर माणसं भाजून निघतात.

जळगावच्या एका बाईंनी परदेशी पद्धतीचं स्वयंपाकघर करून घेतलं. ट्रॉल्या, चिमणी, काळा चकचकीत ओटा. हिवाळा आला आणि भरीत करायची वेळ आली. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजावी लागतात हे चिमणीवाल्याला माहीत नव्हतं आणि बाईंना ते आठवलं नव्हतं. अजून त्या दरवर्षी गाडी बाहेर काढून पार्किंगमध्ये वांगी भाजतात. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी सगळ्या खिडक्या सरकत्या काचेच्या केल्या. दिसायला फारच देखण्या, कूलर लावायला एकही जागा नाही. शेवटी कूलर बसला पुढच्या दारात. चार महिने ते घर मागून चालतं. मोठमोठी माणसं भांडी घासायच्या मोरीवरून हॉलमध्ये जातात आणि आत पोचल्यावर म्हणतात, “वा, काय गारवा आहे.”

हा झाला नमुना. आता नाना.

नाना एरंडोलजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले ते शाळेतून. मुख्याध्यापक ते राहिलेच. कोणी बोलताना चुकलं की नाना तिथल्या तिथं दुरुस्त करणार, समोर कोण आहे हे न बघता. एकदा मी ‘पायजे’ म्हणून गेले, तर म्हणाले, “पाहिजे. मॅडम, तुम्ही पदवीधर आहात.” त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्का बोलायच्या खान्देशी. लग्न झाल्यापासून नाना त्यांच्या तोंडातला ‘शे’ काढून तिथं ‘आहे’ बसवत होते, आणि मी त्यांना भेटले तेव्हा ते काम अपूर्णच होतं.

मुलं तीन. थोरला पुण्यात, फ्लॅटमध्ये. मधली वंदना धुळ्याला दिलेली. धाकटा नितीन नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. रोजचं जाणं-येणं, शांत मुलगा. लग्न व्हायचं होतं, म्हणून घर बांधायचं होतं.

“मॅडम, हॉल असा पाहिजे,” नाना पहिल्याच भेटीत म्हणाले, “की मुलीकडचा माणूस आत आला की त्यानं आधी वर बघितलं पाहिजे.”

“वर काय आहे, नाना?”

“पीओपी.”

त्या एका शब्दाभोवती घर उभं राहिलं. हॉल मोठा, पूर्वेचा, गारव्याचा. गल्लीकडे खिडकी, त्या खिडकीत कूलरची सोय. पुढचं दार दोन फळ्यांचं, ऐसपैस. हॉलला लागून पाहुण्यांसाठी कमोडचं संडास-बाथरूम, कारण मुलीकडच्यांत शहरातलं कोणी असलं तर? नाना-अक्कांची खोली मागं, पश्चिमेला. तिला खिडकी होती आणि खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसत होती. त्यांचं संडास अंगणापलीकडे, दोन पायऱ्या उतरून.

“नाना, रोज वापरणार ते लांब आणि पाहुण्यांचं जवळ?”

“आम्हांला सवय आहे,” नाना म्हणाले. अक्कांना कोणी विचारलं नाही. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “मनं काय. मी ते चुल्हापान.” माझं काय, मी तर चुलीपाशी.

पण स्लॅबच्या आदल्या दिवशी अक्का चहा घेऊन साइटवर आल्या. नाना सिमेंटच्या गोण्या मोजत होते, तेवढ्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माय, हॉलमा एक कडी टाकशी का?”

“कशाला, अक्का?”

“आखाजीले वंदना यी ना. झोका बांधाले.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्कांच्या जुन्या घरापुढं निंबाचं झाड होतं. नव्या प्लॉटवर झाड नव्हतं.

नानांनी ऐकलंच. “हॉलमध्ये झोका? हे काय निंबाचं झाड आहे? मुलीकडचे काय म्हणतील?”

अक्का रिकामे कप घेऊन निघाल्या. पण दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडायच्या आत मी कडी बांधून घेतली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: जाड सळई वाकवून तिचे दोन पाय स्लॅबच्या लोखंडी जाळीखाली अडकवायचे आणि वरून काँक्रीट ओतायचं. एकदा ते धरलं की कडी घराची झाली, जबड्यात दात असतो तशी. नंतर भोक पाडून बोल्ट ठोकता येतो, नाही असं नाही. पण ती कवळी. पाळणा, झोका, माणसाचं वजन जिथं टांगायचं तिथं मी कवळीवर भरवसा ठेवत नाही. पंख्याच्या जागेपासून दोन हात, खिडकीच्या बाजूला, अशी ती कडी बसली. ते फक्त अक्कांना दाखवलं. त्या बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. त्या हॉलमध्ये वर बघणाऱ्या त्या पहिल्या.

मग नितीनला स्थळं येऊ लागली आणि पीओपी आलं. मधोमध फूल, भोवती वेलबुट्टी, वेलबुट्टीत निळे दिवे. कारागिरांनी कडीखालून छत ओढलं. अक्का दारात उभ्या.

“कडी गयी का व, माय?”

“गेली नाही, अक्का. वरच आहे. झाकलीय फक्त.”

अक्का हसल्या. “मनासारखी.”

नाना पलीकडून खूश होऊन म्हणाले, “बघा मॅडम, हिलाही मनासारखं झालं म्हणते.”

आमच्या बोलीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. ‘मनासारखी’ म्हणजे माझ्यासारखी. छताला किती शोभेची वेल काढा, खाली इतकं शुद्ध मराठी बोलणारा माणूस असला की असलं काही ऐकू येत नाही.

मुलीकडचे येत राहिले. नानांच्या अपेक्षेप्रमाणे ते आत आले की वर बघत. छताची स्तुती करत, पोहे खात, कमोड वापरत आणि आठवड्यानं कळवत की मुलीला पुण्याचाच मुलगा पाहिजे. पीओपी पुण्याला नेता आलं असतं तर नानांनी नेलं असतं. एरवी हॉल बंद. सोफ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. घरची माणसं मागच्या खोलीत घामाघूम, आणि हॉलमधला सोफा गारव्यात एकटा.

मग अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा स्ट्रेचर मागच्या खोलीच्या दारातून वळेना, कारण दारासमोरच बॉक्सचा पलंग. म्हणून तात्पुरतं हॉलमध्ये दिवाणावर ठेवलं. बसवायला दोन माणसं, संडासला न्यायला तीन.

वंदनानं मला धुळ्याहून फोन केला. “मॅडम, एकदा येऊन बघा. आईला घरात राहता येईल असं काही होतं का. नाहीतर नाना तिला पुण्याला पाठवताहेत.”

मी गेले, तोवर वंदनाही धुळ्याहून येऊन पोचली होती. नाना अक्कांची वेणी घालत होते. शाळेच्या घंटेसारखा सरळ चालणारा तो माणूस तीन पेडांत अडकला होता. वेणी वाईट झाली होती, पण रोज तेच घालत होते हे दिसत होतं. म्हणून नानांना खलनायक करता येत नाही. गोष्ट सोपी झाली असती.

“पुण्याला लिफ्ट आहे,” नाना म्हणाले. “थोरल्याची तयारी आहे. होळी झाली की शिरपूरचे लोक नितीनला बघायला येताहेत. त्याआधी हिला पोचवतो. घरात खाटेवर माणूस दिसलं की मुलीकडचे काय समजणार? सून नाही, नर्स शोधताहेत.”

हिशेब चुकीचा नव्हता. मी असली नकारघंटा दोन घरांत ऐकली होती. फक्त अक्का तिथं ऐकत होत्या, आणि पुण्याच्या चौथ्या मजल्यावर त्यांना ‘आखाजी’ म्हटलेलं कोणाला कळणार होतं, देव जाणे.

“आणि मॅडम,” नानांचा आवाज उतरला, “तिलाच आता राहायचं नाही. सारखं वर बोट करते आणि विचारते, कधी, कधी.”

शेजारच्या दोन बायका डोळ्यांना पदर लावून बसल्याच होत्या. “कधी वर नेतोस रे देवा, म्हणते माउली,” त्यांतली एक म्हणाली. कपाटावर गंगाजलाची लोटी काढून ठेवलेली. एकीनं पोथीसुद्धा आणली होती.

“‘कधी’च म्हणतात हे नक्की?” मी विचारलं.

“उच्चार स्पष्ट आहे,” नाना म्हणाले. आयुष्यभर उच्चार तपासलेला माणूस. वाद कोण घालणार?

तेवढ्यात अक्कांनी माझ्याकडे बघितलं. डावा हात उचलला, बोट वर केलं आणि म्हणाल्या, “क-डी.” जीभ जड, ‘ड’ आणि ‘ध’ यांच्यामध्ये कुठेतरी अडकलेली. मी बोटाच्या रेषेत वर बघितलं. बोट छताच्या फुलावर नव्हतं. देवाकडे जायला फुलातून जावं लागतं असं नाही, पण बोट दर वेळी एकाच जागी जात होतं. पंख्यापासून दोन हात, खिडकीच्या बाजूला.

“अक्का, कडी?”

अक्कांनी डावा तळहात दिवाणावर आपटला. एकदा, दोनदा. मग डोळे मिटून घेतले, मास्तराला शेवटी उत्तर समजलं की विद्यार्थी मिटतो तसे.

“त्या ‘कधी’ म्हणत नाहीयेत, नाना. ‘कडी’ म्हणताहेत.”

“कसली कडी?”

“झोक्याची. वर आहे.”

“मी नको म्हणालो होतो.”

“म्हणूनच पीओपीवर आहे.”

वंदना एकदम म्हणाली, “अगंबाई, दवाखान्यात शेजारच्या कॉटवर वरून दांडी टांगलेली होती. ते आबा तिला धरून आपले आपण उठून बसायचे. आई दिवसभर त्यांच्याकडेच बघायची.”

म्हणजे बाईला मरायचं नव्हतं, बसायचं होतं. पंधरवडाभर ती घरादाराला एक बांधकामाची सूचना देत होती आणि घरदार तिला गंगाजल पाजत होतं. मी इतक्या गिऱ्हाइकांच्या मागण्या ऐकल्या, पण इतकी नेमकी मागणी, जागेवर बोट ठेवून, कोणी केली नव्हती.

“फोडावं लागेल,” मी म्हटलं.

नानांनी छताकडे बघितलं. “शिरपूरचे येऊन जाऊ द्या. मग फोडू.”

“मग आई पुण्यात असेल,” नितीन म्हणाला. तो कोपऱ्यात उभा होता. त्याच्या लग्नासाठी घर बांधलं हे खरं, पण घराबद्दल तो बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. “फोडा, मॅडम.”

“आणि मुलीकडचे?” नाना.

“नाना, आजवर वर बघून त्यांनी काय दिलं?”

छत फुटलं. निळ्या दिव्यांची एक ओळ गेली, शोकेसमधल्या बाहुल्यांवर पांढरी धूळ बसली, आणि वेलबुट्टीमागे कडी तशीच होती, थोडी तांबूस. दोर बांधून मी स्वतः तिला लोंबकळले. माझं वजन अक्कांच्या दीडपट आहे, हे लिहायला हरकत नाही. तिनं हूं की चूं केलं नाही. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, “आधाराला उत्तम, फक्त सर्कस नको.” दोराला लाकडी मूठ लावली.

बाकीचं काम आश्चर्य वाटावं इतकं थोडं होतं. हॉलमधून सोफा काढला आणि मागच्या खोलीत ठेवला. आता शेजाऱ्याची भिंत त्याला दिसते. गच्चीवरची जुनी खाट खाली आणली, पायांखाली लाकडाचे ठोकळे देऊन उंच केली आणि कडीखाली, खिडकीला लावली. कूलरचा वारा थेट अंगावर. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवला. चाकाची खुर्ची पुढच्या ऐसपैस दारातून ओट्यावर जायला लागली. तोडफोड शोधत मी घरभर फिरले आणि माझ्या लक्षात आलं की करण्यासारखं फार काही नाहीच. गारवा, कमोड, रुंद दार, गल्लीची खिडकी, सगळं आधीच केलेलं होतं. नानांनी नकळत अक्कांसाठीच घर बांधलं होतं. फक्त ते पाहुण्यांना राखून ठेवलं होतं.

अक्का दोर धरून आपल्या आपण बसू लागल्या. खिडकीतून भाजीवाल्याला हातानंच मेथी परत करू लागल्या. तरी पुण्याचं तिकीट नानांच्या खिशात होतंच. शेवटी त्यांनी तह मांडला: शिरपूरचे येतील त्या दिवसापुरतं अक्कांनी वंदनाकडे धुळ्याला जायचं, मग पुढचं बघू. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोर धरला आणि सोडला नाही. गाडी दारात उभी, वंदना समजावतेय, आणि अक्का मूठ घट्ट धरून खिडकीबाहेर बघताहेत. गाडी परत गेली.

नानांनी मग खाटेपुढं पडदा लावला. मला फोन आला. “मॅडम, रविवारी या. छताला भोक का आहे ते त्या लोकांना तांत्रिक भाषेत सांगा.” पदवीचा असाही उपयोग असतो.

रविवारी शिरपूरचे आले: मुलगी, तिचे वडील आणि वडिलांची आई. नियमाप्रमाणे सगळ्यांनी आधी वर बघितलं. या वेळी वर फूल होतं आणि फुलाशेजारी खिंडार. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी तांत्रिक भाषेत म्हटलं, “काम चालू आहे.”

मागच्या खोलीतून आणलेल्या खुर्च्यांवर मंडळी बसली. पोहे आले. उकडत होतं, कारण वारा सगळा पडद्यामागे. मुलीच्या आजीनं चार घास खाल्ले, इकडेतिकडे नाक फिरवलं आणि उठून पडद्याकडे निघाल्या.

“आजी, तिकडे जरा…” नाना अर्धे उठले.

“वारा कोठून यी ऱ्हायना ते देखस,” आजी म्हणाल्या आणि पडदा सारला.

अक्का खाटेवर, नवं लुगडं, नानांनी घातलेली वाकडी वेणी. आजी न विचारता त्यांच्या पायथ्याशी टेकल्या, खिडकीतून गल्ली न्याहाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “तुनं बरं शे माय. गल्ली दिखस. माले मागली खोलीमा टाकेल शे.”

मुलीच्या वडिलांना ठसका लागला. “आई, तुला तिथं शांतता असते म्हणून…”

“हां. मसणमाबी ऱ्हास शांतता.”

मुलगी खाली मान घालून हसत होती. मग तिनं नितीनला विचारलं, “आईंना उठवतं कोण?”

“आता त्या स्वतः उठतात,” नितीन म्हणाला.

हे ऐकल्यासारखं अक्कांनी डाव्या हातानं मूठ धरली आणि हळूहळू उठून ताठ बसल्या. आजींनी मूठ बघितली, दोर बघितला, दोराबरोबर नजर वर नेत खिंडारापर्यंत पोचल्या. “हाई काय व?”

अक्कांनी बोट वर केलं. सगळी ताकद जिभेवर आणली.

“क-डी.”

आजींनी मान डोलावली. आपल्या मुलाकडे, म्हणजे मुलीच्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, “देख. त्या इचारी ऱ्हायन्यात, कधी.”

नाना खुर्चीच्या कडेला सरकले.

“तू काय म्हनस?” आजींनी नातीला विचारलं. मुलीनं एकदा नितीनकडे बघितलं, एकदा दोर धरून बसलेल्या अक्कांकडे, आणि म्हणाली, “मला चालेल.” नितीन तर केव्हापासून तिच्याकडेच बघत होता.

“मंग आखाजी व्हऊ द्या, आनी तारीख धरा,” आजी म्हणाल्या. “पन ह्या आठेच पाहिजेत, याच घरमा, याच खाटवर. सून घरमा पाय टाकी आनि सासू सामने नको का?”

मुलीच्या वडिलांनी नानांकडे बघितलं. ते हसले, पण पूर्ण नाही. समोरच्या बाई खरंच तेच म्हणाल्या का, याची त्यांना खात्री करून घ्यायची असावी. “काय हो गुरुजी? ताई ‘कधी’ म्हणाल्या ना?”

नानांनी तोंड उघडलं. मी त्या माणसाला ओळखत होते. कलेक्टर चुकला असता तरी नानांनी दुरुस्त केला असता. अक्का दोर धरून त्यांच्याकडे बघत होत्या. नानांनी एकदा वर कडीकडे बघितलं, एकदा अक्कांकडे, आणि पुण्याच्या तिकिटाच्या खिशावर हात ठेवला.

“हो,” नाना म्हणाले. “‘कधी’च म्हणाली. उच्चार स्पष्ट शे.”